निवाडा आणि ताबा : महाराष्ट्रातील कौटुंबिक मालमत्तेच्या वादातील कार्यपद्धतीचे स्थित्यंतर

प्रस्तावना

घरच्या जमिनीवरून भावाभावांत होणारा वाद ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील नित्याची बाब होय. 'भाऊबंदकी' हा शब्द मुळात भाऊबंदांचे नाते दर्शवितो. त्याला कलहाचा अर्थ चिकटला तो वतनांच्या आणि वाटण्यांच्या वादांतून. या वादांचा अभ्यास बहुधा हक्काच्या अंगाने केला जातो. कोणाचा किती हिस्सा, दत्तकाचा अधिकार कोणता, मुलीचे स्थान काय, हे प्रश्न ग्रंथांतून विस्ताराने आले आहेत. मात्र हिस्सा ठरविण्याची आणि ठरलेला हिस्सा पदरात पाडून देण्याची रीत कोणती होती, या प्रश्नाकडे त्यामानाने कमी लक्ष दिले जाते. पक्षकाराच्या दृष्टीने हाच प्रश्न अधिक निकडीचा असतो. शास्त्राने किंवा कायद्याने दिलेला हिस्सा आणि शेताच्या बांधावर प्रत्यक्ष मिळालेला हिस्सा यांत एका पिढीचे अंतर पडू शकते.

मराठेशाहीतील गोतसभेपासून आजच्या वाटपाच्या दाव्यापर्यंतचा विचार करताना प्रस्तुत लेखात एकाच स्थित्यंतरावर भर दिला आहे. पूर्वी निवाडा पाळण्याची हमी निवाड्याच्या आधी घेतली जात असे. एकोणिसाव्या शतकात निवाडा आणि त्याची अंमलबजावणी ही दोन स्वतंत्र प्रकरणे झाली. वाटपाच्या दाव्यात तर हे विभाजन आणखी पुढे गेले. या बदलात जे मिळाले आणि जे गमावले, त्यांचा हिशेब एकाच रकान्यात मांडता येत नाही.

गोतसभेतील वादाचा क्रम

मराठेशाहीतील न्यायदानाविषयी डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ आजही आधारभूत मानला जातो. मूळ निवाडपत्रे आणि महजर यांवर आधारलेल्या या अभ्यासातून वादाच्या पायऱ्या स्पष्ट होतात. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांसारखे वतन म्हणजे केवळ जमीन नव्हे. त्यात हक्क, मान आणि गावातील स्थान हे सारे अंतर्भूत होते. वतनाच्या वाट्याला 'तक्षीम' म्हणत. कोणाची तक्षीम किती, आणि वडीलपण कोणाकडे, म्हणजे पहिला मान व पहिली निशाणी कोणाची, असे वादाचे दोन मुख्य विषय असत. दुसरा विषय आज क्षुल्लक वाटेल. परंतु वडीलपणासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडणारी घराणी कमी नव्हती.

फिर्याद झाली की दोन्ही पक्षांस बोलावून त्यांच्याकडून प्रथम 'राजीनामा' घेण्यात येई. आज हा शब्द पद सोडण्यासाठी वापरला जातो; त्या काळी त्याचा अर्थ होता, अमुक सभेचा निर्णय मान्य करण्यास राजी असल्याचा लेख. त्याला जोडून जामीन द्यावा लागे. एक जामीन हजर राहण्याबद्दल आणि दुसरा निवाड्याप्रमाणे वागण्याबद्दल. एवढे झाल्याखेरीज वादाला तोंड फुटत नसे. त्यानंतर अग्रवादी व पश्चिमवादी, म्हणजे आजच्या भाषेत वादी व प्रतिवादी, आपापली तकरीर लिहून देत. वतनाची पूर्वपीठिका सांगणारा 'करीना' हा या टप्प्यावरचा महत्त्वाचा कागद होय. पुढे जुनी पत्रे तपासली जात, साक्षी घेतल्या जात. गोतात पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि शेजारच्या गावचे वतनदार बसत. शिवेच्या वादात गावच्या महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. ज्याला गावकुसाबाहेर ठेवले, त्याच्याच स्मृतीवर गावाची हद्द अवलंबून असावी, ही त्या व्यवस्थेतील विसंगती नोंदविण्यासारखी आहे.

एखाद्या पक्षाने गावचे गोत पक्षपाती असल्याचा आक्षेप घेतला, तर वाद दुसऱ्या स्थळी नेण्याची सोय होती. त्यास 'थळ' असे म्हणत. कागद आणि साक्ष या दोहोंनी निर्णय होत नसेल तर अखेरचा उपाय म्हणून दिव्य करविले जाई. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. मग हात पिशवीत बांधून त्यावर मोहोर करीत, व ठरलेल्या दिवशी तो सभेपुढे उघडीत. हाताला जखम दिसली की पक्ष खोटा ठरे. या प्रकाराचे समर्थन कोणत्याही अंगाने होऊ शकत नाही. तथापि दिव्य हा सरसकट अवलंबिला जाणारा मार्ग नसून पुरावा संपल्यानंतरची पायरी होती, हे लक्षात ठेवावयास हवे.

निर्णय झाल्यावर महजर अथवा निवाडपत्र तयार होई. त्यावर सभासदांच्या सह्या व निशाण्या होत. पाटलाची निशाणी नांगराची, तर बलुतेदारांच्या आपापल्या धंद्याच्या हत्यारांच्या. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरावयाची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी. याखेरीज हरलेल्या पक्षाने जिंकणाऱ्यास 'येजितखत' लिहून द्यावयाचे, म्हणजे आपला दावा खोटा ठरला व आपण पुन्हा वाद करणार नाही असे स्वहस्ते कबूल करावयाचे. या प्रकारे वादाच्या आरंभी राजीनामा व जामीन, आणि अखेरीस येजितखत, अशा दोन खिळ्यांनी निवाडा ठोकून बसविलेला असे.

हे खिळे नेहमीच घट्ट बसत असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. राज्य बदलले, सुभेदार बदलला, की जुना वाद पुन्हा उकरून काढला जाई. मुदतीचा कायदा नव्हता. त्यामुळे एकाच वतनाचा वाद दोन-तीन राजवटींपुढे चाललेला आढळतो. सबळ पक्षाला सरकारदरबारी वजन वापरणे शक्य होते आणि दुर्बळ पक्षाला तेवढा काळ टिकून राहणेही कठीण होते.

एल्फिन्स्टनपुढील पेच

पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली जिंकलेल्या प्रदेशासंबंधी जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीचे बारकाईने वर्णन आहे. पंच जमविण्यास लागणारा वेळ, त्यांना मोबदला नसल्यामुळे होणारी टाळाटाळ, निर्णय अमलात आणण्याची नियमित यंत्रणा नसणे, हे सारे दोष त्याने दाखविले. तरीही पंचायत टिकवावी असे त्याचे मत होते, कारण लोकांचा तिच्यावर विश्वास होता आणि तिची रीत त्यांना समजत होती.

१८२७ च्या मुंबई नियमावलीत या मताला जागा देण्यात आली. चौथ्या नियमात दिवाणी न्यायालयांची कार्यपद्धती सांगितली असून, त्याच्या २६ व्या कलमात कोणता कायदा लावावा याचा क्रम दिला आहे : प्रथम पार्लमेंटचे कायदे व सरकारी नियम, ते नसतील तर देशातील रूढी, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता व सद्विवेक. लवादाने वाद मिटविण्याची तरतूदही होती. कागदावर पंचायत जिवंत राहिली. प्रत्यक्षात मात्र पुढे एक कोर्ट उघडे असताना पंचांपुढे बसण्यास हरणारा पक्ष राजी होईना, आणि पंचांचा निर्णय विरुद्ध गेल्यास त्यावर पक्षपाताचा आक्षेप घेण्याची वाट त्याला मिळाली. ज्या संमतीवर पंचायत उभी होती तिला पर्याय मिळताच पंचायत खचली.

याच सुमारास आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींच्या रूढींचा संग्रह केला. न्यायालयांना रूढी माहीत असाव्यात हा त्यामागील हेतू होता. न्यायालयांत शास्त्री नेमलेले असत आणि वारसा-दत्तकाच्या प्रश्नावर ते व्यवस्था देत. पुढे वेस्ट व ब्यूलर यांनी मुंबई इलाख्यातील शास्त्र्यांची हीच उत्तरे हिंदू कायद्यावरील आपल्या संग्रहासाठी वापरली. पण १८६४ च्या ११ व्या कायद्याने शास्त्र्यांची पदेच रद्द झाली. जिवंत शास्त्र्याची जागा छापील नजीर घेऊ लागली. गोताची स्मृती, शास्त्र्याची व्यवस्था आणि न्यायालयाची नजीर असा हा प्रवास अवघ्या अर्धशतकात झाला.

संहितेतील पायऱ्या

१८५९ साली पहिली दिवाणी प्रक्रिया संहिता आली. १८७७ व १८८२ मध्ये तिची नवी रूपे झाली, आणि १९०८ ची संहिता अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. वादपत्र, समन्स, कैफियत, मुद्दे, पुरावा, युक्तिवाद, न्यायनिर्णय, हुकूमनामा, अपील हा क्रम महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांतूनही परिचित असल्याने त्याचा विस्तार येथे अनावश्यक आहे. वाटपाच्या दाव्याची वैशिष्ट्ये मात्र वेगळी पाहावी लागतात.

पहिले वैशिष्ट्य वंशावळीचे. दाव्याच्या आरंभीच मूळ पुरुषापासूनची वंशावळ द्यावी लागते आणि प्रत्येक हिस्सेदारास पक्षकार करावे लागते. एक जरी राहिला तरी दावा अडखळतो. दाव्यात मिळकतीही सर्व आणाव्या लागतात. सोयीची तेवढी शेते घेऊन वाटप मागता येत नाही. दावा चालू असताना एखादा पक्षकार वारला तर नव्वद दिवसांच्या आत त्याचे वारस दाखल करावे लागतात. पंधरा-वीस माणसांच्या कुटुंबात आणि दीर्घकाळ चालणाऱ्या दाव्यात ही केवळ औपचारिक बाब राहत नाही. एका वारसाच्या जागी पाच येतात, त्यांतील दोन परगावी असतात, त्यांना समन्स पोहोचत नाही, आणि तारीख पुढे जाते.

दुसरे वैशिष्ट्य पुराव्याच्या ओझ्याचे. हिंदू कुटुंब एकत्र असल्याचे गृहीत धरले जाते, परंतु मिळकत एकत्र कुटुंबाची असल्याचे गृहीत धरले जात नाही. १९५४ साली श्रीनिवास कृष्णराव कांगो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला. जिच्या उत्पन्नातून नवी मिळकत घेता आली असती, अशी वडिलोपार्जित मिळकत कुटुंबाकडे होती हे आधी दाखवावे लागते. ते दाखविल्यावरच मिळकत स्वकष्टार्जित असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी दुसऱ्या पक्षावर जाते. यासाठी जुने कागद लागतात. महाराष्ट्रात असे कागद बहुधा मोडी लिपीत असतात, आणि ते वाचणारा जाणकार मिळविणे ही आजही दाव्यातील एक न लिहिलेली पायरी आहे.

गोव्यातील पद्धत येथे तुलनेसाठी उपयुक्त ठरते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या आणि २०१२ च्या गोवा कायद्याने नव्याने मांडलेल्या 'इन्व्हेंटरी' प्रक्रियेत मृताच्या मालमत्तेची यादी, वारसांची निश्चिती, वारसांतील आपसातली बोली आणि वाटप हे सारे एकाच कार्यवाहीत पार पडते. तेथेही विलंब होतोच. पण यादी करणे व वाटणे ही कामे दोन वेगळ्या दारांशी नेलेली नाहीत.

ताईमहाराज प्रकरण

या कार्यपद्धतीचे सामर्थ्य आणि तिची किंमत या दोन्ही बाबी पुण्याच्या ताईमहाराज प्रकरणात एकत्र दिसतात. सरदार वासुदेवराव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज १८९७ साली वारले. त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे आदी मंडळी विश्वस्त झाली. बाबामहाराजांच्या मृत्यूनंतर जन्मलेला मुलगा अल्पायुषी ठरला. तेव्हा विश्वस्तांच्या संमतीने त्यांच्या विधवा पत्नी ताईमहाराज यांनी जून १९०१ मध्ये औरंगाबाद येथे जगन्नाथ यास दत्तक घेतले, असे विश्वस्तांचे म्हणणे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ताईमहाराजांनी कोल्हापूरच्या घराण्यातील बाळामहाराज यांना दत्तक घेतले. प्रश्न एवढाच होता की पहिले दत्तविधान झाले की नाही.

या एका प्रश्नासाठी प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज, फौजदारी खटला आणि दिवाणी दावा अशा तीन वाटा चालल्या. फौजदारी खटल्यात १९०३ साली टिळकांना शिक्षा झाली आणि १९०४ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दिवाणी दाव्यात पुण्याच्या न्यायालयाने १९०६ साली जगन्नाथाचे दत्तविधान मान्य केले. उच्च न्यायालयाने १९१० साली तो निर्णय फिरविला. अखेर १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलने खालच्या न्यायालयाचा निर्णय कायम केला.

प्रिव्ही कौन्सिलच्या निर्णयातील कार्यपद्धतीविषयक भाग कायद्याच्या अभ्यासात आजही उद्धृत होतो. साक्षीदार खोटे बोलला असे ठरवायचे असेल, तर त्याचे पूर्वीचे विसंगत विधान त्याच्यापुढे ठेवून खुलासा करण्याची संधी त्याला दिली पाहिजे. ती न देता प्रतिष्ठित साक्षीदारांना कटाचे भागीदार ठरविणे अयोग्य होय, अशी त्या न्यायपीठाची भूमिका होती. गोतसभेने साक्षीचे सत्य उकळत्या तेलात पाहिले होते. येथे ते उलटतपासणीत पाहण्याचा नियम दृढ झाला. न्यायाच्या इतिहासातील ही मोठी मजल नाकारता येणार नाही.

परंतु प्रकरण तेथे संपले नाही. निकालानंतर मालमत्ता ताब्यात घेण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. जुलै १९२० मध्ये याच प्रकरणाच्या कामासाठी टिळक मुंबईस गेले, तेथे आजारी पडले, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी सरदारगृहात त्यांचे निधन झाले. इतके साधनसंपन्न, कायद्याची पदवी असलेले आणि अखेरचा निकाल बाजूने लागलेले पक्षकारही दोन दशके या वादातून मोकळे झाले नाहीत. सामान्य शेतकरी पक्षकाराची स्थिती यावरून अनुमानता येते.

बहिणीचा हिस्सा

वाटपाच्या दाव्यात न्यायालय प्रथम हिस्से ठरवून प्राथमिक हुकूमनामा देते आणि प्रत्यक्ष विभागणीनंतर अंतिम हुकूमनामा होतो. या दोहोंमधील काळात दावा जिवंत मानला जातो. १९६७ साली फूलचंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, या मधल्या काळात एखाद्या पक्षकाराच्या मृत्यूमुळे हिस्से बदलले तर दुसरा प्राथमिक हुकूमनामा देता येतो. ही बाब वरवर तांत्रिक दिसते. तिचे सामाजिक महत्त्व पुढे कळून आले.

१९३७ च्या कायद्याने विधवेला पतीच्या हिश्शाचे वाटप मागण्याचा मर्यादित हक्क मिळाला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीची मालकी पूर्ण केली; मात्र त्याच्या २३ व्या कलमाने, पुरुष वारस वाटून घेत नाहीत तोपर्यंत राहत्या घराचे वाटप मागण्यास स्त्री-वारसास मनाई केली. हक्क दिला आणि दाव्याची वाट अडविली, असा हा प्रकार होता. महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने मुलीला सहदायाद केले, तेही २२ जून १९९४ पूर्वी विवाह न झालेल्या मुलींपुरते. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीने ही मर्यादा गेली आणि २३ वे कलमही गेले. २०२० साली विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हा हक्क जन्मसिद्ध असून दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही असे ठरविले. प्राथमिक हुकूमनामा होऊन अंतिम हुकूमनामा व्हावयाचा असेल तर मुलींचे हिस्से नव्याने ठरवावेत, हेही त्यातून निश्चित झाले. तोंडी वाटणीचा बचाव सहसा स्वीकारू नये, अशी सावधगिरीही न्यायालयाने सांगितली.

येथे एक विलक्षण उलटापालट झाली. ज्या विलंबाबद्दल वाटपाच्या दाव्यांना दूषणे दिली जातात, त्या विलंबामुळेच अनेक बहिणींना दावा संपण्यापूर्वी आत येता आले. दावे वेळेवर निकाली निघाले असते तर नवा हक्क त्यांच्यापुरता कागदावरच राहिला असता. अर्थात ही विलंबाची भलामण नव्हे. शिवाय दाव्यापर्यंत पोहोचणाऱ्या बहिणी थोड्याच. माहेर तुटू नये म्हणून दुय्यम निबंधकापुढे हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणींची गोष्ट कोणत्याही न्यायालयाच्या दफ्तरात सापडत नाही. गोताचा दाब कायद्याच्या पुस्तकातून गेला. घरातून गेलेला नाही.

हुकूमनाम्यानंतर

बिहारमधील दरभंगा संस्थानच्या एका प्रकरणात १८७२ सालीच प्रिव्ही कौन्सिलने असा अभिप्राय दिला होता की, हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यानंतर सुरू होतात. वाटपाच्या दाव्यात ही गोष्ट रचनेतच बसविलेली आहे. शेतजमीन सरकारी आकारणीची असल्यास न्यायालय केवळ हिस्से जाहीर करते. प्रत्यक्ष विभागणी १९०८ च्या संहितेच्या ५४ व्या कलमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यामार्फत होते. १८८२ च्या संहितेतही हीच योजना होती. सरकारचा महसूल बुडू नये, हा तिचा मूळ हेतू होता. राहते घर आणि इतर मिळकतींसाठी न्यायालय कमिशनर नेमते. घर वाटण्याजोगे नसेल तर १८९३ च्या वाटप कायद्याप्रमाणे विक्रीचा मार्ग असतो.

त्यामुळे एकाच कुटुंबाच्या एकाच दाव्याची कागदपत्रे न्यायालयातून महसूल कार्यालयाकडे, तेथून भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीसाठी, आणि परत, असा प्रवास करतात. वाटप 'सरस-निरस मानाने' करावयाचे असते, म्हणजे चांगल्या व हलक्या जमिनीचा भार सर्वांवर सारखा पडावा. विहीर कोणाच्या वाट्याला, वाट कोणत्या बांधावरून, पाटाचे पाणी आधी कोणाला, हे प्रश्न हुकूमनाम्यात नसतात. ते मोजणीच्या दिवशी शेतात उभे राहतात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा पाडता येत नाही. तेव्हा ज्याचा हिस्सा लहान, त्याच्या हाती जमिनीऐवजी पैसे येतात. आणि लहान हिस्सा बहुधा शेवटच्या पिढीतील विधवेचा किंवा अनेक भावंडांत वाटल्या गेलेल्या शाखेचा असतो.

अंतिम हुकूमनाम्यासाठी पक्षकाराने पुन्हा अर्ज करावयाचा, ही पद्धत दीर्घकाळ रूढ होती. २००९ साली शुभकरण बुबना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा अर्जास मुदतीचे बंधन नाही असे सांगून या विभाजित पद्धतीबद्दल नापसंती व्यक्त केली. त्यानंतर २०२२ साली कट्टुकंडी एडत्तिल कृष्णन खटल्यात न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. प्राथमिक हुकूमनामा झाल्यावर वेगळ्या अर्जाची वाट न पाहता खालच्या न्यायालयाने स्वतःहून अंतिम हुकूमनाम्याच्या कामास लागावे, असे निर्देश दिले. निवाडा आणि त्याची पूर्तता यांना पुन्हा एका धाग्यात ओवण्याचा हा प्रयत्न आहे. फरक इतकाच की गोतसभेत ती जबाबदारी पक्षकाराच्या जामिनावर होती आणि येथे ती न्यायाधीशावर आहे.

तथापि हे निर्देश न्यायालयाच्या दारापर्यंतचे आहेत. जिल्हाधिकाऱ्याकडे गेलेले कागद, मोजणीची तारीख, मोजणीला हरकत घेणारा भाऊ, आणि हद्दीचे दगड रोवून झाल्यावर पुढच्या नांगरटीत ते उपटणारा शेजारी, यांना त्यात स्थान नाही. वाटपाचा फेरफार मंजूर होईपर्यंत अनेक गावांच्या सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए. कु. पु.', म्हणजे एकत्र कुटुंब पुढारी, ही अक्षरे तशीच राहतात. कुटुंब मात्र तोवर तीन चुलींवर स्वयंपाक करीत असते.